अडगळीच्या खोलीत छंदाची जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात एक खोली नुसती पडून आहे. ती छंदासाठी चालेल की नाही, हे कसं ठरवायचं?

आधी खोली बघू नका, काम बघा. आपल्या छंदातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट कोणती, ते कागदावर लिहून काढा. सुतारकामात धूळ आणि आवाज, तैलरंगात वास, सोल्डरिंगमध्ये धूर, मातीकामात पाणी आणि वजन, वादनात आवाज. मग खोलीकडे वळा. हवा थेट बाहेर जाईल अशी खिडकी आहे का? भिंतीपलीकडे कोण झोपतं? नळ किती लांब आहे?

धुळीच्या किंवा वासाच्या कामाला बाहेर उघडणारी खिडकी नसेल तर ती खोली बाद समजा. बाकीच्या उणिवांवर उपाय निघतो, हिच्यावर सहसा निघत नाही. शिवणकाम, विणकाम, पुस्तकबांधणी, तिकिटांचा संग्रह, छोटी मॉडेलं यांना मात्र जवळपास कुठलीही कोरडी खोली पुरते, मग ती ६ बाय ८ फुटांची का असेना.

आत भरलेलं सामान कुठे न्यायचं?

खोली अर्धवट रिकामी करून काम सुरू करू नका. पलंग भिंतीला सरकवून उरलेल्या जागेत टेबल लावलं की दोन महिन्यांत त्या टेबलावरच खोकी चढतात. सगळं सामान एकदा बाहेर काढा आणि प्रत्येक वस्तूची नवी जागा ठरल्याशिवाय खोलीत काहीही परत नेऊ नका. जे ठरत नाही ते खोक्यात भरा, खोक्यावर आजची तारीख मोठ्या अक्षरात घाला आणि ते दुसऱ्या खोलीत ठेवा. सहा महिने न उघडलेल्या खोक्याचं काय करायचं हे तेव्हा आपोआप कळतं.

खोलीत एखादं कपाट घरच्या सामानासाठी राखावंच लागणार असेल, तर ते दाराच्या अगदी जवळ ठेवा. म्हणजे चादर काढायला आलेल्या माणसाला तुमचं अर्धवट काम ओलांडून आत यावं लागणार नाही.

कामाचा क्रम काय असावा?

रिकामी करणं, ओल तपासणं, वीज, भेगा आणि लांबी (पुट्टी) भरणं, रंग, फरशी, दिवे, टेबल आणि सगळ्यात शेवटी फळ्या-कपाटं. बहुतेकांचं उलटं होतं: कपाट आधी येतं आणि नेमका त्याच्यामागेच प्लग हवा असल्याचं नंतर लक्षात येतं.

टेबल आल्यावर फळ्यांची घाई करू नका. पहिला महिना जुनं टेबल आणि दोन-चार खोकी एवढ्यावर काम करा. हात कुठे जातो, उजेड कुठे कमी पडतो, वायर कुठे पायात येते हे त्या महिन्यात कळतं. मोजमापं त्यानंतर घेतलीत तर सहसा चुकत नाहीत.

भिंतीला ओल आहे का, हे घरच्या घरी कसं तपासायचं?

साधारण ४५ सें.मी. चौरस प्लास्टिकचा जाड तुकडा भिंतीवर (आणि तसाच एक फरशीवर) चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा. २४ ते ४८ तास हात लावू नका. नंतर बघा: थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे असतील तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा थंड पृष्ठभागावर बसतो आहे.

दोन्हींचे उपाय वेगळे. दुसऱ्या प्रकाराला हवा खेळती ठेवणं आणि कपाट भिंतीपासून ५ सें.मी. सुटं ठेवणं बऱ्याचदा पुरतं. पहिल्याला बाहेरची गळती किंवा नळाची फूट शोधावीच लागते. तिच्यावर नुसता रंग मारला तर पोपडे धरतात आणि पुस्तकं, कापड, लाकडी वाद्यं यांना बुरशी लागते. अशा वस्तूंसाठी हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असावी. छोटा डिजिटल आर्द्रतामापक लावून दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडे टिपलेत तर अंदाज बांधावा लागत नाही.

खोली लहान आहे. मांडणी कशी आखायची?

आलेखाच्या कागदावर १ सें.मी. म्हणजे २० सें.मी. असं प्रमाण धरून खोली काढा. दार आणि खिडकीची पाखं उघडताना जेवढी जागा घेतात तीही काढा. टेबल, कपाट, खुर्ची यांचे त्याच प्रमाणात कागदी तुकडे कापून सरकवून बघा. पसंत पडलेली मांडणी मग फरशीवर चिकटपट्टीने खऱ्या मापात आखा आणि तिच्यात दोन दिवस वावरा.

चालायच्या वाटेला कमीत कमी ६० सें.मी. सोडा, शक्य असेल तर ७५. खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून ७५ ते ९० सें.मी. लागतात. लांब वस्तूंचं काम असेल तर आणखी एक गोष्ट सहज राहून जाते: २ मीटरची फळी लांबीच्या दिशेने कापायची तर करवतीच्या अलीकडे २ मीटर आणि पलीकडेही जवळपास तेवढीच मोकळी जागा हवी. लहान खोलीत ती मिळत नाही, म्हणून यंत्र दाराच्या रेषेत ठेवा आणि कापताना दार उघडं राहू द्या.

टेबल किती उंच हवं?

बाजारातली बहुतेक टेबलं ७२ ते ७५ सें.मी. उंच असतात. बसून लिहायला ती ठीक, उभ्याने काम करायला मात्र पाठदुखीचं कारण. उंची दुसऱ्या कुणाच्या मापावरून नको, स्वतःच्या कोपरावरून ठरवा. कामाच्या वेळी घालता त्याच चपला-बुटांत सरळ उभे राहा, कोपर काटकोनात वळवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजून घ्या.

समजा ती १०० सें.मी. भरली. जोडणी, बांधणी, कातरकाम अशा हलक्या कामाला टेबल ८५ ते ९० सें.मी. हवं. रंधा मारण्यासारख्या, अंगाचा भार टाकायच्या कामाला ७५ ते ८०. घड्याळ उघडणं, बारीक रंगकाम, सोल्डरिंग अशा डोळ्यांच्या कामाला उलट १०५ ते ११०, म्हणजे मान वाकत नाही आणि कोपरं टेबलावर टेकतात. एकाच टेबलावर सगळं करायचं असेल तर ते मधल्या उंचीचं करा आणि बारीक कामासाठी वर ठेवायला २० सें.मी. उंचीची छोटी भक्कम पेटी बनवा. पेटी चढवता येते, टेबल मात्र रोज कापता येत नाही.

शिलाई मशीनची गोष्ट वेगळी. मशीन टेबलावर नुसतं ठेवलं तर सुईखालची पाटी टेबलापेक्षा काही सेंटीमीटर वर येते, खांदे उचलले जातात आणि कापडाचं वजन कडेवरून खाली ओढलं जातं. टेबलात खाच पाडून पाटी टेबलाच्या पातळीत आणणं हा पक्का उपाय. कापड बेतायला मात्र वेगळं, साधारण ९० सें.मी. उंचीचं टेबल हवं. फरशीवर बसून बेतण्यापेक्षा ते कितीतरी सोयीचं.

टेबल हलत असेल तर पाय जाड करून उपयोग नाही. मागच्या दोन पायांत तिरपी पट्टी ठोका किंवा १२ मि.मी. प्लायचं पाठफलक लावा. डोलणं तिथेच थांबतं.

उजेड किती लागतो? एक ट्यूब पुरेल?

एक ट्यूब पुरत नाही. साधा हिशोब करू. खोली ३ बाय ३.५ मीटर, म्हणजे १०.५ चौरस मीटर. हाताच्या कामाला खोलीभर निदान ३०० लक्स (लक्स म्हणजे दर चौरस मीटरला पडणारे ल्युमेन, ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड) धरले तर ३१५० ल्युमेन झाले. भिंती, छत आणि धूळ यांत बराच उजेड मुरतो, म्हणून ०.६ ने भागा: ५२५० ल्युमेन. २० वॉटची एलईडी ट्यूब साधारण २००० ल्युमेन देते, म्हणजे तीन ट्यूब झाल्या.

पण त्या कुठे लावता हे संख्येहून महत्त्वाचं. दिवा पाठीमागे असला की स्वतःची सावली नेमकी कामावर पडते. ट्यूब टेबलाच्या पुढच्या कडेच्या किंचित आत, वर आडवी लावा. बारीक कामाला वेगळा वाकता दिवा हवाच. ८०० ल्युमेनचा दिवा कामापासून अर्ध्या मीटरवर आणला की हजार लक्सच्या आसपास उजेड मिळतो. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी तो डावीकडे ठेवावा, डावखुऱ्यांनी उजवीकडे.

रंग, धागे, कापड यांचं काम असेल तर दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे बघा. रंगछटा ४००० ते ५००० केल्विन आणि रंग खरे दाखवण्याचा सीआरआय ९० किंवा अधिक. ८०च्या दिव्याखाली जुळलेले दोन लाल धागे सकाळी खिडकीशी वेगळे निघू शकतात. याच कारणाने भिंतीही फिक्या, मॅट आणि रंगहीन ठेवा. पोपटी भिंत शेजारच्या कॅनव्हासवर पोपटी झाक टाकते.

छतावर पंखा असेल तर दिवा पात्यांच्या वर येता कामा नये, नाहीतर कामावर सतत सावल्या फिरत राहतात. फिरत्या यंत्रांपाशी आणखी एक धोका: काही स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि तशा उजेडात फिरतं यंत्र थांबल्यासारखं भासू शकतं. दिव्याखाली पेन्सिल झपाझप डावी-उजवीकडे हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर दिवा चांगला. सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर तो दिवा लेथ किंवा ड्रिलपाशी नको.

वीज: आहे त्या प्लगवर भागेल का?

यंत्रांच्या पट्ट्यांवरचे वॉट लिहून घ्या आणि एका वेळी चालणाऱ्यांचीच बेरीज करा. २३० व्होल्टच्या जोडणीवर ६ अँपिअरचा प्लग फार तर १३८० वॉट देतो आणि १६ अँपिअरचा ३६८०. शिलाई मशीन १०० वॉटच्या आसपास, सोल्डरिंग आयर्न २५ ते ६०, त्यामुळे ही कुठेही चालतात. पण २००० वॉटची हॉट एअर गन आणि १२०० वॉटचा व्हॅक्यूम एकदम लावले की १४ अँपिअर झाले. त्यासाठी २.५ चौ.मि.मी. तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) असलेली १६ अँपिअरची लाइन ओढून घ्यावी. दिव्यांची लाइन वेगळी ठेवा. यंत्र अडकून एमसीबी पडला आणि त्यासोबत दिवेही गेले, तर अंधारात फिरतं पातं समोर राहतं.

प्लग फरशीजवळ नकोत. टेबलाच्या वर १५ ते २० सें.मी. उंचीवर, दर ६० सें.मी.ला एक जोडी घ्या. पाणी, माती, मत्स्यपेटी असं काही असेल तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवलाच पाहिजे, आणि त्याचं चाचणीचं बटण अधूनमधून दाबून बघा. अर्थिंग नसलेल्या जुन्या प्लगवर धातूच्या अंगाचं यंत्र लावू नका. ही सगळी कामं परवानाधारक वायरमनकडून करून घ्यायची.

गुंडाळलेल्या एक्स्टेंशनवर जड यंत्र लावणं ही नेहमीची चूक. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि वायरचं आवरण वितळू लागतं. वायर पूर्ण उलगडूनच वापरा.

धूळ, धूर आणि वास यांचं काय करायचं?

तिन्हींवर एक्झॉस्ट फॅन हा उपाय सांगितला जातो, पण तो अर्धाच उपाय आहे.

भुशातला जो डोळ्यांना दिसतो तो खाली बसतो. फुप्फुसात जातो तो न दिसणारा, १० मायक्रॉनहून बारीक कण, आणि तो काही तास हवेत तरंगत राहतो. म्हणून धूळ उडाल्यावर काढायची नाही, उगमाशीच ओढायची: सँडरला व्हॅक्यूमची नळी जोडा, काम चालू असताना छताचा पंखा बंद ठेवा, कोरडा झाडू मारू नका, व्हॅक्यूम किंवा ओला फडका वापरा. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) घासताना एन९५ दर्जाचा मास्क लावाच, कापडी रुमालाने काही अडत नाही. काम थांबवल्याबरोबर मास्क काढू नका.

सोल्डरिंगचा पांढरा धूर शिशाचा नसतो, फ्लक्समधल्या (सांधा नीट धरावा म्हणून वापरायच्या द्रव्यातल्या) राळेचा असतो. त्याने दमा जडू शकतो, म्हणून छोटा पंखा कामापासून १५-२० सें.मी.वर, धूर *ओढून* नेईल असा ठेवा. सोल्डरमधलं शिसं हाताला लागतं आणि तोंडावाटे पोटात जातं. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, त्या टेबलावर काही खाऊ-पिऊ नका.

टर्पेंटाइन आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती फरशीलगत साचते आणि वरचा पंखा तिला सहजी हलवत नाही. समोरासमोर दोन उघडी तोंडं हवीत: हवा तुमच्या पाठीकडून यावी, कामावरून जावी आणि बाहेर पडावी. उजेडाच्या हिशोबातल्या ३ बाय ३.५ मीटरच्या, ३ मीटर उंच खोलीत साधारण ३१ घनमीटर हवा असते. ती तासाला १० वेळा बदलायला ताशी ३०० घनमीटरच्या आसपास हवा फेकणारा पंखा लागतो आणि तेवढी हवा आत यायला वाटही लागते. दार-खिडकी गच्च बंद ठेवून एक्झॉस्ट लावला तर पंखा नुसता गुरगुरतो. थिनरचा रंग स्प्रेने खोलीत मारायचाच नाही. साध्या पंख्याच्या मोटरची ठिणगी त्या वाफेला पुरते.

जवसाच्या तेलाने भिजलेले फडके चुरगळून टोपलीत टाकणं सगळ्यात धोक्याचं. ते तेल वाळताना उष्णता सोडते, गोळ्याच्या आत ती साठते आणि काडी न लावताही फडका पेटू शकतो. फडके एकेरी पसरून मोकळ्या हवेत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून भिंतींना फोम लावू का?

फोम, अंड्यांचे ट्रे, जाड पडदे यांनी आवाज बाहेर जायचा थांबत नाही. फोम आणि पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो, रेकॉर्डिंग स्वच्छ होतं, एवढंच. अंड्यांच्या ट्रेने तेही फारसं नाही.

बाहेर जाणारा आवाज दोन गोष्टी अडवतात: वजन आणि हवाबंद कडा. पृष्ठभागाच्या १ टक्का फट राहिली तर बाकीची भिंत कितीही जाड असो, एकूण अडसर २० डेसिबलच्या वर जात नाही. म्हणून सुरुवात दाराखालच्या फटीपासून करा. चौकटीला रबरी पट्टी, दाराखाली खाली उतरणारी सील-पट्टी आणि शक्य असल्यास पोकळ दाराऐवजी भरीव दार. पुस्तकांनी भरलेलं कपाट सामाईक भिंतीला लावलं तर थोडीफार मदत होते. खाली जाणारी धडधड मात्र हवेतून जात नाही, फरशीतून जाते. शिलाई मशीन, ट्रेडमिल, ड्रम यांच्याखाली १५ ते २० मि.मी. जाड रबर घाला.

फळ्यांना झोळ का येतो?

आधारांतलं अंतर जास्त असतं म्हणून. दर मीटरला वजन तेच ठेवून अंतर दुप्पट केलं तर झोळ १६ पट होतो, तर जाडी दुप्पट केल्यावर तो आठव्या हिश्श्यावर येतो. पुस्तकांची एक मीटर रांग २० ते ३० किलो भरते. १८ मि.मी. प्लायच्या फळीला पुस्तकांसाठी ७५ सें.मी.हून लांब आधार देऊ नका. फळीच्या पुढच्या कडेखाली ४ सें.मी. उंचीची लाकडी पट्टी उभी लावली तर ती बरीच ताठ होते.

भिंतीत ८ मि.मी.चं भोक, ८ मि.मी.चा प्लग, किमान ५ सें.मी. लांब स्क्रू. गिलाव्याची जाडी यात धरू नका, पकड विटेत हवी. भोकातली धूळ फुंकून काढली नाही तर प्लग फिरतो. पोकळ ठोकळे आणि जिप्समच्या भिंतींना हे प्लग चालत नाहीत, मागे उघडणारे अँकर लागतात.

हत्यारांसाठी भोकांची पाटी लावणार असाल तर ती भिंतीपासून २ सें.मी. सुटी ठेवा, नाहीतर आकडे आत शिरत नाहीत. रोज लागणारंच तिच्यावर टांगा. महिन्यातून एकदा लागणारं खणात.

फरशी बदलावी का?

सहसा गरज नसते. गुळगुळीत टाइलवर भुसा पडला की पाय घसरतो, तिथे रबरी चटई घाला. टाचण्या, मणी, बारीक स्क्रू यांचं काम असेल तर फरशी फिक्या आणि एकाच रंगाची असावी. ठिपक्यांच्या फरशीवर हरवलेला ३ मि.मी.चा स्क्रू झाडल्याशिवाय सापडत नाही. त्याहून सोपं म्हणजे कडा असलेल्या ट्रेमध्ये काम करणं.

मोठी मत्स्यपेटी किंवा जड यंत्र वरच्या मजल्यावर चालेल का?

१०० × ४० × ५० सें.मी.च्या पेटीत २०० लिटर, म्हणजे २०० किलो पाणी. काच, वाळू आणि स्टँड वेगळे. हे सगळं अर्ध्या चौरस मीटरहूनही कमी जागेवर येतं, तर घरगुती मजले सरासरी २०० किलो प्रति चौरस मीटरच्या आसपास भार धरून आखलेले असतात. एवढी पेटी भिंतीलगत, तुळईवर आडवी ठेवली तर बहुधा चालते, खोलीच्या मधोमध नको. त्याहून मोठी असेल किंवा घर जुनं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

पाहुणे आले की हीच खोली झोपायला लागते.

मग भिंतीला दुमडणारं टेबल घ्या: १८ मि.मी. फळी, मागे पूर्ण लांबीची पट्टी-बिजागरी, खाली दुमडते दोन त्रिकोणी आधार. हत्यारं ब्रेक असलेल्या चाकांच्या कपाटात. ब्रेक निदान दोन चाकांना हवा. अर्धवट कामासाठी टेबलाच्या मापाची सुटी पातळ फळी ठेवा, म्हणजे काम जसंच्या तसं उचलून कपाटावर जातं. ही फळी नसेल तर प्रत्येक वेळी आवराआवर होते आणि छंद मागे पडतो.

लहान मुलं घरात आहेत.

खोलीला कुलूप, आणि कुलपाच्या भरवशावर न राहता पाती, थिनर, सोल्डर यांना आत वेगळा बंद खण. बटण-बॅटऱ्या आणि छोटी शक्तिशाली चुंबकं यांबाबत जास्त जपा, ती गिळली गेली तर अन्ननलिकेला किंवा आतड्याला इजा होते आणि लगेच रुग्णालय गाठावं लागतं. इन्स्टंट ग्लू कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडला तर भाजण्याइतका तापतो, तो पुसायला कापूस घेऊ नका.

आगीसाठी काय ठेवावं?

२ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक, दाराजवळ, कामाच्या टेबलापाशी नाही. आग टेबलावर लागली तर त्याच्याकडे जाता आलं पाहिजे आणि तिथूनच बाहेरही पडता आलं पाहिजे. विजेच्या आगीवर पाणी नको, आधी मेन बंद.

पुढे घर बदललं तर हे सगळं नेता येईल का?

खोलीत बांधलेलं टेबल दारातून बाहेर निघत नाही, हे बऱ्याचदा निघायच्या दिवशीच कळतं. टेबल बनवण्याआधी दाराची मोकळी रुंदी आणि जिन्याचं वळण मोजा. पाय आणि फ्रेम गोंदाने न जोडता ८ किंवा १० मि.मी. बोल्ट-वॉशरने जोडा, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना आतून एकच अक्षर लिहा आणि सुटे बोल्ट टेबलाखालीच चिकटवलेल्या पिशवीत ठेवा. भाड्याच्या घरात भिंतीला भोक न पाडता फरशी ते छत असे ताणून बसणारे खांब आणि त्यांवरच्या फळ्या वापरता येतात. मात्र त्यांवर हलकं सामानच ठेवा, पुस्तकांची रांग नको.